कावेरीकाठची दिंडी

तमिळनाडूत हरिकथा ऐकायला बसलेल्या मराठी माणसाला मधूनच ओळखीचे शब्द कानावर येतात. कथा तमिळमध्ये चाललेली असते, गाणे कर्नाटक संगीतातले असते, आणि कथेकरी भागवतर सहज सांगून जातात की आता साकी म्हणतो, आता दिंडी. आख्यानाच्या संहितेतही पदांच्या डोक्यावर हीच नावे लिहिलेली असतात: साकी, दिंडी, ओवी, आर्या, अभंग, घनाक्षरी, अंजनीगीत. ही सगळी मराठी छंदांची आणि वृत्तांची नावे आहेत. तमिळ श्रोत्यांना मात्र त्यांत वृत्त ऐकू येत नाही. त्यांच्या लेखी ती विशिष्ट वळणाच्या चालींची नावे आहेत, आणि त्यांचे हे म्हणणे अर्धेअधिक बरोबरच आहे.

मराठीत वृत्त आणि चाल यांची फारकत कधीच पुरती झाली नाही. दिंडीच्या एका चरणात १९ मात्रा असतात, नवव्या मात्रेवर थांबा घेऊन पुढे दहा. साकीच्या ओळीत २८, सोळावर थांबून बारा. हे गणित शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात असते. परंतु ज्याने कधी मात्रा मोजल्या नाहीत असा कीर्तनातला श्रोताही दिंडी ऐकल्याबरोबर ओळखतो, कारण नऊ आणि दहाच्या त्या उतरंडीला चिकटून एक ठरलेली चाल येते. पहिल्या भागात स्वर वर चढतो, थांब्यावर क्षणभर रेंगाळतो आणि दुसऱ्या भागात घरी परततो. कवीने नवे शब्द त्या मापात बसवले की चाल फुकट मिळते. कीर्तनकाराला रोज नवे आख्यान लावायचे असते. अशी तयार माप-चालींची पेटी जवळ नसती तर त्याचे कामच अडले असते.

ही पेटी कावेरीकाठी पोहोचली ती राज्यकर्त्यांच्या पाठोपाठ. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजी उर्फ एकोजी यांनी १६७५-७६ च्या सुमारास तंजावर घेतले आणि तिथे भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. दुसरे शिवाजी पुत्राविना वारले आणि कंपनी सरकारने ते राज्य संपवले. सुमारे १८० वर्षांच्या या काळात तंजावरच्या दरबारात चार भाषा नांदत होत्या. प्रजेची तमिळ होती. आधीच्या नायक राजांमुळे साहित्य-संगीतात तेलुगूचा दबदबा होता. शास्त्रासाठी संस्कृत आणि राजघराण्याची मराठी. शाहजी राजांनी (राज्यकाळ १६८४ ते १७१२) तेलुगूत 'पल्लकी सेवा प्रबंधम्' रचले आणि मराठीत 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे नाटक लिहिले. मराठीतल्या सर्वांत जुन्या नाटकांत ते मोजले जाते. त्यांचे भाऊ तुळजाजी यांनी 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच जेव्हा सकाळी एका भाषेत आणि संध्याकाळी दुसऱ्या भाषेत लिहितो, तेव्हा पदांच्या चाली एकाच भाषेच्या आवारात राहणे शक्य नसते.

देवाणघेवाण एकतर्फी नव्हती, आणि याचा सर्वांत मजेदार पुरावा दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातला (राज्यकाळ १७९८ ते १८३२) आहे. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्याचा प्रकार. त्यात भविष्य सांगणारी भटक्या जमातीची बाई, म्हणजे कुरत्ती, येते, विरहिणी नायिकेचा हात पाहते आणि बोलता बोलता आपल्या डोंगराचे, नद्यांचे, मुलखाचे वर्णन करते. सरफोजींच्या मराठी 'देवेंद्र कुरवंजी'ने ही चौकट तशीच उचलली आणि कुरत्तीच्या तोंडी चक्क जगाचा भूगोल घातला. खंडे, देश, समुद्र, सगळे पदांमधून. राजाला पाश्चात्त्य विद्यांचा नाद होता, त्याचा हा परिणाम. भाषा मराठी, साचा तमिळ, चाली दक्षिणेकडच्या आणि विषय युरोपातून आलेला. दरबारी बहुभाषिकतेचा याहून चांगला नमुना सापडणे कठीण.

दरबाराबाहेर मराठी पदे पसरवली ती मठांनी. समर्थ संप्रदायाचे गोसावी तंजावर भागात मठ करून राहिले होते आणि कीर्तन हे त्यांचे मुख्य साधन होते. याच परंपरेतले मेरुस्वामी, मूळ नाव अनंतपद्मनाभ गोस्वामी, पुढे त्रावणकोरला स्वाती तिरुनाळ महाराजांच्या (१८१३ ते १८४६) दरबारी गेले. गोड गळ्यामुळे त्यांना 'कोकिलकंठ' म्हणत. त्यांच्या कीर्तनांच्या प्रभावाखाली महाराजांनी 'कुचेलोपाख्यान' आणि 'अजामिलोपाख्यान' ही कथागायनासाठीची संस्कृत आख्याने रचली. मराठी कीर्तनाचा साचा अशा रीतीने तमिळ मुलूख ओलांडून मल्याळी मुलखात गेला, आणि जाताना भाषा मागे ठेवून गेला.

खरी कलाटणी मात्र राज्य गेल्यावर मिळाली. १८६० च्या दशकात ग्वाल्हेरकडचे कीर्तनकार रामचंद्रबावा मोरगावकर तंजावरला आले आणि चातुर्मासात त्यांची कीर्तने झाली. तोवर तमिळ मुलखात कथा सांगण्याची जुनी पद्धत होती ती बहुतांशी निरूपणाची. बसून पुराण सांगायचे, अधूनमधून पद म्हणायचे. मोरगावकरबावा उभे राहून, हातात चिपळ्या घेऊन, गद्य आणि पद्य यांची इतकी घट्ट वीण घालत की श्रोत्याला उसंत मिळू नये. प्रसंग तापला की घनाक्षरी, करुण झाला की ओवी, संवाद आला की साकी. तंजावरच्या रसिकांना ही नाट्यमय रीत नवी होती. तिथले कृष्ण भागवतर हे कर्नाटक संगीतात मुरलेले तरुण गायक होते. जाणत्या आश्रयदात्यांच्या आग्रहाने त्यांनी मराठी रीत आत्मसात केली आणि ती तमिळमध्ये उतरवली. आज ज्याला तमिळ हरिकथा म्हणतात तिचे जनकत्व त्यांच्याकडे जाते. त्यांच्यामागून पंडित लक्ष्मणाचार, तिरुप्पळनम पंचापकेश शास्त्री, सूलमंगलम वैद्यनाथ भागवतर अशी मोठी फळी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सी. सरस्वतीबाईंनी विरोध सोसून पुरुषांच्या या मक्तेदारीत पाय रोवला.

कृष्ण भागवतरांनी काय घेतले आणि काय बदलले, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. आरंभीची पंचपदी त्यांनी घेतली. नारदीय कीर्तनातला पूर्वरंग आक्रसून तमिळ हरिकथेत 'पूर्वपीठिका' झाली. तात्त्विक चर्चा आटपून भागवतर लवकर कथेला लागतात. 'निरूपण' या शब्दाचा अर्थच पालटला. मराठीत निरूपण म्हणजे अभंगाचा किंवा ओवीचा उलगडा. तंजावरकडे 'निरूपणम्' म्हणजे एखाद्या आख्यानासाठी रचलेल्या पदांची आणि वृत्तांची संहिता. चिपळ्याही गेल्या आणि तिथे त्यांचे 'चिप्ळा कट्टै' झाले. 'कट्टै' म्हणजे लाकडाचा तुकडा. पखवाजाची जागा मृदंगमने घेतली.

चालीतला बदल याहून खोल होता. मराठी कीर्तनातली साकी किंवा दिंडी सरळ स्वरांची असते. ती पटपट जाते, शब्द स्पष्ट ऐकू येतात, आणि सुरांची मौज थांब्यावर थोडीशी घेतली जाते. कर्नाटक गायकाचा स्वर मुळात सरळ उभा राहत नाही. तो गमकाने डोलतो. एकच दिंडी कर्नाटक रागात गेली की तिच्या एकेका मात्रेवर कंप चढतो, लय किंचित संथ होते आणि जे मराठीत बोलणे होते ते गाणे होते. धुमाळीच्या आठ मात्रा आदि तालात बिनबोभाट मावल्या. सहा मात्रांची लय रूपकात किंवा तिश्र गतीत गेली. उत्तरेकडून दक्षिणेत रुळलेल्या बिहाग, जौनपुरी, सिंधुभैरवी अशा रागांच्या प्रसारात कीर्तनकारांचाही हात होता. सिंधुभैरवीचे दाक्षिणात्य रूप उत्तरेतल्या त्याच नावाच्या रागाहून वेगळे आहे, आणि गंमत अशी की दक्षिणेत अभंग म्हटला की पुष्कळांच्या मनात हाच राग येतो.

शब्दांची अडचण तर रचनेच्या मुळाशीच होती. मराठी कवीला ओळीच्या शेवटी यमक हवे असते. तमिळ कवितेची जुनी सवय उलटी आहे. तिथे ओळींच्या सुरुवातीला अनुप्रास जुळतो, विशेषतः प्रत्येक ओळीचे दुसरे अक्षर सारखे असते. त्याला 'एदुगै' म्हणतात. शिवाय तमिळ छंदशास्त्र मात्रांच्या बेरजेवर नव्हे, तर 'असै' नावाच्या लघुगटांवर उभे आहे. तमिळ रचनाकारांनी तोडगा काढला तो व्यवहारी होता. मराठी मापाचा सांगाडा ठेवला, चालीला धक्का लागू दिला नाही, आणि आपले एदुगै त्यात गुंफले. मराठी श्रोत्याला अशी तमिळ दिंडी ऐकताना शेवटचे यमक चुकल्याचुकल्यासारखे वाटते, तर तमिळ श्रोत्याचा कान ओळीच्या आरंभीच तृप्त झालेला असतो.

हरिकथेच्या बाहेरही ही वृत्ते गेली. गोपालकृष्ण भारतींचे 'नंदनार चरित्रम्' ही एकोणिसाव्या शतकातली गाजलेली तमिळ गेय कथा. चिदंबरच्या नटराजाच्या दर्शनासाठी तळमळणाऱ्या अस्पृश्य शिवभक्ताची ती कहाणी आहे. तिच्यात तमिळ लोकछंदांच्या शेजारी दिंडीही आढळते. भारतींनी तिरुविडैमरुदूर येथे, मराठा राजपुत्र अमरसिंह यांच्या आश्रयाला असलेल्या रामदास नावाच्या गायकाकडून हिंदुस्थानी संगीताचे धडे घेतले होते. शैव कथा, तमिळ कवी आणि मराठी वृत्त असा हा मेळ तेव्हा कुणाला वावगा वाटला नाही.

चाल छंदाच्या खांद्यावर बसून परमुलखात जाते, ही गोष्ट मराठीपुरती नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती चर्चमध्ये ग्रीक स्तोत्रांची एक जुनी व्यवस्था आहे. काही स्तोत्रे आदर्श चालीची मानली जातात, आणि नवे स्तोत्र रचताना त्याच्या माथ्यावर त्या जुन्या स्तोत्राचे पहिले शब्द लिहून ठेवतात. मराठी संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदावर 'चाल' लिहून मूळ गाण्याचे आरंभीचे शब्द देतात, नेमके तसेच. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून (१८८०) मराठी वाचकाला ही सवय आहे. ग्रीक स्तोत्रे स्लाव्ह भाषांत गेली तेव्हा भाषांतरकारांनी अर्थ सांभाळला, पण अक्षरसंख्या सांभाळता आली नाही. चालींना ठिकठिकाणी मुरड घालावी लागली, आणि शतकांच्या ओघात बल्गेरिया, कीव्ह, मॉस्को यांच्या गायकीत इतका फरक पडला की मूळ ग्रीक वळण शोधावे लागते. रुमानियात मकारिए नावाच्या भिक्षूने १८२३ मध्ये ग्रीक चालींवरची रुमानियन स्तोत्रे व्हिएन्नात छापून घेतली. रुमानियन शब्दांचे आघात नीट पडावेत म्हणून त्याने चालीत फेरफार केले. तमिळ हरिकथाकारांनी याच्या उलट केले. चाल राखली आणि शब्द तिच्या मापाने कापले. म्हणूनच बहुधा १५० वर्षांनंतरही साकी साकी म्हणून ओळखू येते.

एका ठिकाणी मात्र तमिळ मुलखाने मराठी शब्दही जसेच्या तसे ठेवले, ते म्हणजे भजन. कुंभकोणमच्या आसपास वाढलेल्या दक्षिण भजन संप्रदायाचे तीन आधारस्तंभ मानतात: गोविंदपुरमचे बोधेंद्र, तिरुविशनल्लूरचे श्रीधर अय्यावाळ आणि मरुदानल्लूरचे सद्गुरुस्वामी (१७७७ ते १८१७). भजनाचा क्रम सद्गुरुस्वामींनी बांधून दिला. एकाच रात्रीत जयदेवांच्या संस्कृत अष्टपद्या, नारायणतीर्थांचे तरंग, भद्राचल रामदासांची तेलुगू पदे, पुरंदरदासांची कन्नड देवरनामे आणि मराठी अभंग असे सगळे ओळीने गायले जाते. तुकाराम, नामदेव, जनाबाई यांचे अभंग गाणाऱ्या अनेकांना मराठी येत नाही. ते तमिळ लिपीतल्या पुस्तकावरून गातात. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे, म्हणून छापताना त्या अक्षराच्या डोक्यावर बारीक आकडे देतात. २ दिसला की ख, ३ दिसला की ग, ४ दिसला की घ. अभंगाच्या पानावर असे आकडे मुंग्यांसारखे पसरलेले असतात. आकडे देऊनही 'माझे'तला झ पुष्कळदा 'माजे' असाच उमटतो, आणि 'चाल' किंवा 'चांदणे' यांतला दंत्य च तर गवसतच नाही. पण 'ळ' त्यांच्या घरचाच असल्याने 'विठ्ठल' आणि 'सावळा' या शब्दांतला ल-ळचा भेद ते अगदी चोख सांभाळतात.

संतांच्या कथाही याच वाटेने गेल्या. महिपतींचा 'भक्तविजय' (१७६२) तमिळमध्ये 'भक्तविजयम्' म्हणून घरोघर वाचला गेला आणि हरिकथाकारांना त्याने आख्यानांचा मोठा साठा पुरवला. गोरा कुंभार आणि सखूबाई तमिळ घरांत आपल्याच गावचे असल्यासारखे ओळखीचे झाले. पुढे बोलपट आला तेव्हा ही ओळख पडद्यावर गेली. १९३८ च्या तमिळ 'तुकाराम'मध्ये मुसिरी सुब्रमण्य अय्यर या नामवंत कर्नाटक गायकाने तुकोबांची भूमिका केली. प्रभातचा 'संत तुकाराम' त्याच्या दोनच वर्षे आधीचा. १९४४ चा 'हरिदास' पुंडलिकाच्या कथेवर बेतलेला होता आणि मद्रासच्या एका थिएटरात तो तीन दिवाळ्या ओलांडेपर्यंत चालला.

मठ, दरबार आणि भजन यांच्या या सोवळ्या इतिहासात एक गोष्ट सहसा राहून जाते, ती म्हणजे लावणी. तंजावर भागातल्या खेड्यांत लावणी नावाचा एक तमिळ प्रकार आहे आणि त्यात शृंगार नाही, बाई नाही, ढोलकीही नाही. होळीच्या सुमारास कामदहनाच्या उत्सवात दोन शाहीर समोरासमोर उभे ठाकतात. शंकराने तिसरा डोळा उघडल्यावर मदन जळाला, असे एका पक्षाचे म्हणणे. तो जळालाच नाही, असे दुसऱ्याचे. 'एरिंद कच्ची' आणि 'एरियाद कच्ची', जळालेला पक्ष आणि न जळालेला पक्ष, अशीच त्यांची नावे आहेत. डफ आणि तुणतुण्याच्या साथीवर रात्रभर सवाल-जवाब चालतात. मराठी वाचकाला हे वर्णन वाचून कलगी-तुरा आठवला नाही तरच नवल. मराठा शिपायांच्या आणि शाहिरांच्या बरोबर कलगी-तुऱ्याची झुंज दक्षिणेत गेली, शक्ती श्रेष्ठ की शिव हा वाद मागे पडला आणि त्या जागी मदनाचा खटला आला. तुणतुणे मात्र तेच राहिले, नावासकट.

चालींनी सीमा ओलांडण्याचा हाच प्रकार मराठी मुलखाच्या अगदी दुसऱ्या टोकालाही झाला आहे, फक्त तिथे राजे नव्हते आणि कागदही फारसे नाहीत. भंडारा जिल्ह्यात मोहाडी, आंधळगाव या पट्ट्यापासून पूर्वेला गोंदिया-गडचिरोलीपर्यंत पसरलेली ती झाडीपट्टी. दिवाळी सरली की इथे गावोगाव मंडई भरते आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत उभी राहते. 'खडी', कारण सगळे उभ्याने. शाहीर उभा, साथीदार उभे, आणि बाईच्या वेषातला नाच्या पुरुषच. सीमेपलीकडे छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्यातही 'खडी साज' हा प्रकार आहे. वादक वाद्ये अंगाला बांधून उभ्याने वाजवतात, पुरुष 'परी' होतात आणि 'जोक्कड' हसवतो. लावणी-पोवाड्याची शाहिरी वळणे या बाजूला आणि छत्तीसगडी लोकगीतांची वळणे त्या बाजूला, अशी रेघ इथे ओढता येत नाही. मंडईत दोन्ही बोलींचे लोक येतात आणि ज्या चालीवर ताल धरला जातो ती उरते. तंजावरला चालीवर नाव लिहिलेले राहिले, कारण ती संहितेत गेली. झाडीत संहिता नव्हती, त्यामुळे कोणती चाल कुठून आली हे सांगायला कुणाच्या पोथीचा आधार नाही.

तमिळ मुलखात हरिकथेचे दिवस विसाव्या शतकाच्या मध्यानंतर ओसरू लागले. चार तास बसून आख्यान ऐकणारा श्रोता सिनेमाकडे आणि तासाभराच्या व्याख्यानाकडे वळला. एम्बार विजयराघवाचारियार, कमला मूर्ती अशा कलावंतांनी ती शेवटपर्यंत तोलून धरली. पण निरूपणाच्या वह्यांतल्या कित्येक साक्या आणि घनाक्षऱ्या आता प्रत्यक्ष ऐकायला मिळत नाहीत. त्याच वेळी अभंगाचे मात्र भाग्य उजळले, आणि तेही वेगळ्याच वाटेने. राम फाटक, श्रीनिवास खळे यांनी बांधलेल्या आणि भीमसेन जोशींनी गायलेल्या अभंगांच्या ध्वनिमुद्रिका देशभर गेल्या. मुंबईत वाढलेल्या अरुणा साईराम आणि रंजनी-गायत्री या भगिनी यांच्यासारख्या कर्नाटक गायिकांनी मैफलीच्या उत्तरार्धात अभंग म्हणायला सुरुवात केली आणि चेन्नईचे श्रोते त्याची वाट पाहू लागले. या अभंगांच्या चाली तंजावरच्या नाहीत, पुण्या-मुंबईच्या आहेत. मृदंगमच्या साथीला कधी तबला येतो, टाळ येतात, आणि गायिका मराठी उच्चार जाणीवपूर्वक घोटून घेतात. कुंभकोणमच्या भजनमठात मात्र अजूनही जुनीच चाल म्हणतात. एकच अभंग, तमिळनाडूतच, दोन वेगवेगळ्या चालींत ऐकायला मिळतो: एक २०० वर्षे तिथे मुरलेली आणि दुसरी ध्वनिमुद्रिकेवरून आलेली.